किल्ली आणि तिजोरी एकाच हाती

इंग्लंडमधल्या इसेक्स परगण्यात नव्वदीच्या घरातले एक गृहस्थ स्वतःच्या घरात एकटे राहत होते. दुसऱ्या महायुद्धात ते रॉयल एअर फोर्समध्ये तोफची होते, पुढे सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. लग्न केलेले नव्हते. सोबतीला फ्लफी नावाचे मांजर. स्मृतिभ्रंश सुरू झाला होता, आणि कोणी त्यांच्या पैशांवर डोळा ठेवून आहे अशी शंका आल्यावर मे २०१३ मध्ये काउंटी कौन्सिलच्या सोशल वर्करने त्यांना घरातून हलवले आणि एका केअर होमच्या कुलूपबंद डिमेन्शिया विभागात नेऊन ठेवले. त्यांना जायचे नव्हते. तिथे ते सुमारे दीड वर्ष राहिले, घरी जायचे आहे असे सांगत राहिले, आणि त्यातला बराच काळ त्यांना ठेवून घ्यायला कायद्याने लागणारी परवानगी कौन्सिलकडे नव्हती. प्रकरण कोर्ट ऑफ प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे स्वतः निर्णय घेऊ न शकणाऱ्यांची प्रकरणे पाहणाऱ्या न्यायालयात गेले. २०१५ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी तडजोडीला मंजुरी दिली: कौन्सिलने ६०,००० पौंड भरपाई द्यायची. त्याच तडजोडीत आणखी एक कलम होते. केअर होमचे २३ ते २५ हजार पौंडांचे बिल माफ करायचे. म्हणजे ज्या खोलीत त्यांना बेकायदा डांबले होते, तिचा खर्चही त्यांच्याच नावे मांडलेला होता.

हे प्रकरण टोकाचे आहे, हे मान्य. पण इंग्लंडमधल्या कौन्सिलांचे स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांविषयीचे निर्णय गेली ३० वर्षे पाहिले, तर याच प्रकरणातली रचना जागोजागी दिसते. माणसाला काय हवे याचे मूल्यमापन कौन्सिल करते. त्यासाठी किती पैसे पुरेसे हेही तीच ठरवते. त्याच्याकडे किती मालमत्ता आहे ते तपासून बिल तीच लावते. त्याला बाहेर जाऊ न देणे योग्य की अयोग्य, याची मंजुरी तीच देते. आणि त्याच्यावर अन्याय होत असल्याची तक्रार आली तर पहिली चौकशीही तीच करते. समोरचा माणूस मात्र असा, की ज्याला काल काय बोलणे झाले ते आज आठवत नाही. इतक्या भूमिका एकाच दारामागे असणे हाच या साऱ्या प्रश्नाचा गाभा आहे, असे माझे मत आहे. पैशाची चणचण ही त्यानंतरची गोष्ट.

ही रचना कोणी ठरवून उभी केली नाही, ती साचत गेली. १९४८ च्या नॅशनल असिस्टन्स ॲक्टने जुना गरिबांचा कायदा संपवला आणि वृद्धांना निवारा देण्याची जबाबदारी कौन्सिलांवर टाकली. त्याच वर्षी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. आजारी माणूस आरोग्य सेवेचा, त्याला सेवा मोफत. नुसता म्हातारा आणि परावलंबी माणूस कौन्सिलचा, त्याने ऐपतीप्रमाणे पैसे द्यायचे. ही रेघ तेव्हा सोयीची वाटली असेल. पण स्मृतिभ्रंश हा मेंदूचा आजार आहे आणि त्याचा परिणाम म्हणून लागते ती मदत अंघोळीची, जेवणाची, कपड्यांची, रात्री दाराशी लक्ष ठेवण्याची. रेघ नेमकी या माणसाच्या अंगावरून जाते. तेव्हापासून आजतागायत हजारो कुटुंबे तिच्या अल्याड-पल्याड फेऱ्या मारत आहेत.

१९७९ साली वृद्ध आणि अपंगांसाठीच्या निवासी खाटांपैकी सुमारे ६४ टक्के खाटा कौन्सिल किंवा आरोग्य सेवेच्या मालकीच्या होत्या. २०१२ पर्यंत हे प्रमाण ६ टक्क्यांवर आले. मधल्या काळात काय घडले? आठव्या दशकाच्या शेवटी सामाजिक सुरक्षा खात्याने खासगी होमचा खर्च जवळपास न विचारता भरायला सुरुवात केली. १९७९ मध्ये सुमारे एक कोटी पौंड असलेला हा खर्च दहा-अकरा वर्षांत १०० कोटींच्या वर गेला. तो आवरण्यासाठी सर रॉय ग्रिफिथ्स यांनी १९८८ मध्ये अहवाल दिला: पैसे कौन्सिलांच्या हाती द्या, त्या गरज तपासतील आणि सेवा विकत घेतील. १९९० चा कायदा झाला, एप्रिल १९९३ पासून अमलात आला. हस्तांतरित निधीतला ८५ टक्के वाटा खासगी व स्वयंसेवी संस्थांकडून सेवा घेण्यावरच खर्च करावा, अशी अट सरकारने घातली. होम चालवणारी कौन्सिल होमची गिऱ्हाईक झाली, आणि तीही भाव पाडून मागणारी.

या बदलाने काय हरवले ते बर्मिंगहॅमच्या एका खटल्यात उघड झाले. ८४ वर्षांच्या, अल्झायमर झालेल्या एका बाईंना कौन्सिलने सदर्न क्रॉस कंपनीच्या होममध्ये ठेवले होते. नातेवाइकांशी खटके उडाल्यावर कंपनीने त्यांना काढायचे ठरवले. मानवी हक्क कायद्याने आपले घर जपण्याचा हक्क यांना आहे का, हा प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेला. जून २००७ मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: खासगी कंपनी सार्वजनिक काम करत नाही, म्हणून तो कायदा तिला लागू नाही. लॉर्ड बिंगहॅम आणि लेडी हेल यांनी विरोधी मत नोंदवले. संसदेने पुढच्या वर्षी कायदा दुरुस्त करून ही फट बुजवली, पण ती फक्त कौन्सिलने ठेवलेल्यांसाठी. स्वतःच्या पैशाने त्याच होममध्ये, शेजारच्याच खोलीत राहणाऱ्या माणसाला ते संरक्षण मिळाले नाही. आणि तीच सदर्न क्रॉस, जिच्या सुमारे ७५० होममध्ये ३१,००० वृद्ध राहत होते, २०११ मध्ये भाड्याच्या ओझ्याखाली कोसळली. इमारती आधीच विकून परत भाड्याने घेतल्या होत्या. आता कायदा असा, की चालक बुडाला तर तिथल्या रहिवाशांची तात्पुरती सोय कौन्सिलने करायची, मग ते कोणाच्याही पैशाने राहत असोत. मालकी गेली, जबाबदारी मात्र शिल्लक राहिली.

पैशाचा हिशेब सविस्तर सांगायला हवा, कारण घरोघरी झोप उडते ती यानेच. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून जास्त ऐवज असेल तर केअर होमचा सगळा खर्च तुमचा. १४,२५० पौंडांच्या खाली ऐवज धरला जात नाही; मधल्या रकमेवर दर २५० पौंडांमागे आठवड्याला एक पौंड उत्पन्न आहे असे मानतात. या मर्यादा एप्रिल २०१० पासून हललेल्या नाहीत. पंधरा वर्षांच्या महागाईत आकडा तसाच ठेवणे म्हणजे दरवर्षी, कोणतीही घोषणा न करता, थोड्या अधिक लोकांना मदतीच्या बाहेर ढकलणे. कौन्सिल ज्यांचा खर्च उचलते त्यांचे जवळजवळ सगळे पेन्शन होमकडे जाते आणि हातखर्चाला आठवड्याला तीसेक पौंड उरतात. केस कापणे, नातवाच्या वाढदिवसाची भेट, अंगावरचा नवा स्वेटर, सगळे त्यातच.

घर ऐवजात धरतात. नवरा किंवा बायको, साठी ओलांडलेला किंवा अपंग नातलग तिथे राहत असेल तर धरत नाहीत. कायमचे होममध्ये गेल्यावर पहिले १२ आठवडे घर बाजूला ठेवतात. त्यानंतर ते लगेच विकावे लागू नये म्हणून कौन्सिलशी करार करता येतो: खर्च कौन्सिल भरते, घरावर बोजा चढतो, व्याज लागते, वसुली मागाहून. एप्रिल २०१५ पासून ही सोय देशभर आहे. घर मुलांच्या नावे करून सात वर्षे गेली की सुटलो, अशी समजूत मात्र सर्रास आढळते. ती चुकीची आहे. सात वर्षांचा नियम वारसा कराचा. कौन्सिल हेतू पाहते, आणि काळजीचा खर्च चुकवण्यासाठी दिले असे तिचे मत झाले तर ते घर अजून तुमचेच आहे असे धरून बिल लावते.

मग भाव. स्पर्धा आणि बाजार प्राधिकरणाने २०१७ मध्ये केअर होमच्या बाजाराचा अभ्यास केला. आठवड्याला सरासरी ८४६ पौंड स्वखर्चाने राहणारा भरत होता आणि कौन्सिल ६२१. एकाच होमपुरते पाहिले तरी फरक ४१ टक्क्यांचा. खोली तीच, वरण-भाताच्या जागी बटाटे-मटार तेच, रात्रपाळीची नर्स तीच. कौन्सिल जे कमी देते ते होमचालक शेजारच्या खोलीतल्या माणसाकडून काढतो. ज्याने आयुष्यभर हप्ते भरून घर केले त्याच्यावरचा हा एक अदृश्य करच आहे, आणि तो बसवण्यावर कुठल्याही सभागृहात मतदान झालेले नाही. याच्या जोडीला ‘टॉप-अप’: कौन्सिलने ठरवलेल्या रकमेपेक्षा होम महाग असेल तर वरचे पैसे मुलगा किंवा मुलगी भरते. कायदा सांगतो की वरचे पैसे न भरता मिळणारी निदान एक जागा कौन्सिलने दाखवलीच पाहिजे, आणि टॉप-अप हा कुटुंबाने खुशीने केलेला करार हवा. प्रत्यक्षात ती जागा न दाखवताच कुटुंबाकडून पैसे घेतल्याबद्दल लोकपालांनी कौन्सिलांना पुन्हापुन्हा दोषी धरले आहे.

या सगळ्यातून सुटण्याची एक वाट आरोग्य सेवेकडे जाते. मुख्य गरज आरोग्याची आहे असे ठरले तर होमचा पूर्ण खर्च आरोग्य सेवा उचलते, घरदार न पाहता. १९९९ च्या पॅमेला कॉफलन यांच्या खटल्यात अपील न्यायालयाने मर्यादा आखून दिली: कौन्सिलवर ढकलता येईल ते नर्सिंग किरकोळ, निवाऱ्याच्या अनुषंगाने येणारे असावे. तपासणीच्या तक्त्यात आज १२ रकाने आहेत: श्वास, पोषण, हालचाल, वर्तन, आकलन वगैरे. स्मृतिभ्रंशाच्या घरांची कैफियत इथेच असते. चांगल्या देखभालीमुळे माणूस शांत राहिला तर वर्तनाच्या रकान्यात गुण कमी पडतात आणि मोफत सेवा हुकते. याहून विलक्षण फरक दुसरा आहे. मानसिक आरोग्य कायद्याच्या तिसऱ्या कलमाखाली ज्याला कधी रुग्णालयात सक्तीने ठेवले, त्याला पुढची देखभाल फुकट द्यावी लागते. त्यात केअर होमही येते, हे २००२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने पक्के केले. एकाच आजाराच्या, एकाच मजल्यावरच्या दोन बायका. एकीचे घर विकले जाते, दुसरीचे राहते. दोघींच्या गरजेत फरक नाही. फरक आहे तो एका जुन्या फॉर्मवरच्या कलमाच्या आकड्याचा.

स्कॉटलंडने वेगळी वाट धरली. १९९९ च्या सदरलँड आयोगाने व्यक्तिगत देखभाल सर्वांना मोफत द्या असे सुचवले, लंडनने ते नाकारले, एडिंबराने जुलै २००२ पासून स्वीकारले. तिथेही होममधले राहणे-जेवणे फुकट नाही आणि ठरावीक रक्कम खऱ्या खर्चाला पुरत नाही. पण अंघोळ घालणे हे आजाराशी संबंधित आहे, एवढे तरी तिथल्या राज्याने मान्य केले.

आता किल्लीकडे, म्हणजे माणसाच्या मोकळिकीवरच्या निर्णयांकडे वळतो. २००५ चा मेंटल कपॅसिटी ॲक्ट हा माझ्या मते ब्रिटनच्या उत्तम कायद्यांपैकी एक आहे. माणूस निर्णय घ्यायला समर्थ आहे असेच आधी धरायचे. त्याचा निर्णय मूर्खपणाचा वाटला म्हणून त्याला असमर्थ ठरवायचे नाही. त्याच्या वतीने ठरवावेच लागले तर त्याच्या पूर्वीच्या इच्छा, श्रद्धा, आवडी पाहायच्या आणि त्याच्यावर कमीत कमी बंधन येईल असा मार्ग घ्यायचा. मराठी वाचकाला एक गोष्ट धक्कादायक वाटेल: मुलगा आहे, बायको आहे, म्हणून आपोआप सहीचा अधिकार येत नाही. शुद्धीत असताना आरोग्यविषयक मुखत्यारपत्र करून नोंदवले असेल तरच. नसेल तर कुटुंबाचे मत विचारले जाते आणि ठरवते सहसा कौन्सिलची सोशल वर्कर.

तिच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. म्हातारी गॅस चालू ठेवते, रात्री दोन वाजता नाइटगाउनवर बसस्टॉपवर सापडते. उद्या काही बरेवाईट झाले तर वर्तमानपत्रात नाव तिचे येणार. होममध्ये ठेवल्यावर माणूस मनाने खचला तर त्याची बातमी होत नाही. म्हणून सुरक्षिततेचे पारडे आपसूक जड होते. न्यायमूर्ती मन्बी यांनी २००७ मध्येच बजावले होते की माणसाला सुरक्षित करताना दुःखी केले तर त्या सुरक्षिततेला अर्थ उरत नाही. तरीही २०११ मध्ये कार्डिफ कौन्सिल ८२ वर्षांच्या पेगी रॉस यांना जोडीदाराबरोबर बोटीच्या सहलीला जाऊ द्यायला तयार नव्हती. त्या आधी अशा कितीतरी सहलींना जाऊन आलेल्या होत्या. कोर्टाने त्यांना जाऊ दिले.

मॅन्युएला साइक्स यांचे प्रकरण मला या सगळ्यात सर्वांत बोलके वाटते. लिबरल पक्षातर्फे अनेकदा निवडणूक लढवलेल्या, पुढे स्वतः वेस्टमिन्स्टरच्या नगरसेविका झालेल्या या बाई ८९ व्या वर्षी स्मृतिभ्रंशाने होममध्ये होत्या, आणि त्यांना तिथे ठेवू पाहणारी कौन्सिल होती वेस्टमिन्स्टर. २०१४ मध्ये न्यायाधीश ॲन्सेल्म एल्डरगिल यांनी त्यांना महिनाभर घरी राहून पाहण्याची संधी दिली. शिवाय अशा खटल्यांत नाव झाकण्याचा रिवाज मोडून त्यांचे नाव जाहीर करायला परवानगी दिली, कारण जन्मभर सार्वजनिक लढे लढलेल्या बाईला शेवटी निनावी होणे आवडले नसते. घरी राहणे जमेल याची कोणालाच खात्री नव्हती. न्यायाधीशांनी धोका मोजला आणि त्याच तागडीत त्या बाईंचा स्वभावही घातला.

पण कोर्टापर्यंत पोचतात ती प्रकरणे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांसाठी आहे ती स्वातंत्र्यहरणाची मंजुरी, आणि ती देणारी पुन्हा कौन्सिलच. मार्च २०१४ मध्ये चेशायर वेस्ट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सोपी केली: सतत देखरेख आहे आणि निघून जायची मोकळीक नाही, तर ते स्वातंत्र्यहरणच, माणूस कितीही आनंदात दिसो. त्यामुळे डिमेन्शिया विभागातला जवळजवळ प्रत्येक रहिवासी या कसोटीत आला. २०१३–१४ मध्ये वर्षाला १३–१४ हजार असलेले अर्ज २०२३–२४ मध्ये ३ लाख ३२ हजारांवर गेले. नियमाप्रमाणे निर्णय २१ दिवसांत व्हायला हवा. पाचातला एक अर्जही त्या मुदतीत निघत नाही. कित्येक म्हातारी माणसे मंजुरीची वाट पाहतच जातात. पर्यायी व्यवस्थेचा कायदा २०१९ मध्ये मंजूर झाला, दोनदा पुढे ढकलला गेला आणि २०२३ मध्ये बासनात गेला.

एक निर्णय असा आहे की तो कोणी घेतल्याचे कागदावर दिसतच नाही. पडून हाड मोडले, रुग्णालयात नेले, खाट रिकामी हवी म्हणून ‘तात्पुरते’ होममध्ये पाठवले. पुढचे मूल्यमापन तिथेच होणार. नव्या जागी गोंधळलेला माणूस घरी होता त्यापेक्षा वाईट दिसतो, आणि त्या वाईट दिवसांवरून तो घरी राहू शकणार नाही असे ठरते. काही आठवड्यांनी तात्पुरते कायमचे होते. कुटुंबाने इथेच पाय रोवून लेखी मूल्यमापन मागावे. बोलू न शकणाऱ्याला आणि पाठीशी कोणी नसलेल्याला स्वतंत्र प्रतिनिधी देणे २०१४ च्या केअर ॲक्टने कौन्सिलवर बंधनकारक केले आहे, पण तो मागितल्याशिवाय सहसा कोणी आठवण करून देत नाही.

कौन्सिलच्या उरल्यासुरल्या होम बंद करण्याचे निर्णयही असेच. वुल्व्हरहॅम्प्टनमध्ये १०६ वर्षांच्या लुईझा वॉट्स २००९ मध्ये आपले होम वाचवण्यासाठी अपील न्यायालयापर्यंत गेल्या आणि हरल्या. दुसरीकडे बर्मिंगहॅमने आपली होम बंद केली तेव्हा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सोबत राहून पाहिले: घाई केली नाही, ओळखीची सोशल वर्कर अखेरपर्यंत बरोबर ठेवली, तर बहुतेकांची प्रकृती ढासळली नाही. वेळ आणि ओळखीचा चेहरा या दोन्ही गोष्टींना पैसे लागतात, आणि त्याच बर्मिंगहॅम कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये आपला जमाखर्च जुळत नसल्याचे जाहीर केले.

या चित्रात मराठी माणसेही आहेत. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे. १९६०–७० च्या दशकांत आरोग्य सेवेत गेलेल्या मराठी डॉक्टरांची पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. स्मृतिभ्रंशात बऱ्याचदा मागाहून शिकलेली भाषा आधी विरते. जन्मभर इंग्रजीत रुग्ण तपासलेली बाई आता फक्त मराठीत पाणी मागते, आणि होममध्ये ते कोणाला कळत नाही. मूल्यमापनात भाषा, आहार, देवधर्म या गरजा म्हणून नोंदवता येतात, आणि एकदा नोंदवल्या की ठरलेली रक्कम त्या भागवायला पुरेशी असावी लागते. हे कुटुंबाने पहिल्याच भेटीत लिहून घ्यावे. स्वतःचे बजेट सांभाळणारी कौन्सिल ते आपणहून लिहील अशी आशा ठेवू नये. पुणे-नागपूरला राहिलेल्या आईवडिलांचे काय? जुलै २०१२ पासूनच्या नियमाने त्यांना बोलावणे जवळपास बंद आहे: रोजची देखभाल लागते आणि ती मायदेशी पैसे देऊनही मिळत नाही हे सिद्ध करायचे, आणि आल्यावर पाच वर्षे त्यांचा सगळा भार मुलांनी उचलायचा. आजारी आई येण्याइतकी आजारी ठरते तेव्हा बहुधा प्रवासाच्या पलीकडे गेलेली असते.

सुधारणेची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकीच आहे. अँड्र्यू डिलनॉट यांच्या आयोगाने २०११ मध्ये आयुष्यभराच्या खर्चावर ३५,००० पौंडांच्या आसपास कमाल मर्यादा सुचवली. ६५ व्या वर्षी दहातल्या एकाला पुढे एक लाख पौंडांहून जास्त खर्च येतो, आणि तो एक कोण हे आधी कळत नाही, म्हणून. केअर ॲक्टखाली सरकारने ७२,००० ची मर्यादा २०१६ साठी ठरवली, ती लांबवून सोडून दिली. २०२१ मध्ये ८६,००० ची घोषणा झाली, तीही लांबली, आणि जुलै २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी ती रद्द केली. आता लुईझ केसी यांचा आयोग आहे. अंतिम अहवाल २०२८ मध्ये अपेक्षित आहे.

तोवर थांबायची गरज नाही अशा काही गोष्टी आहेत. ऐवजाची मर्यादा महागाईला बांधता येईल. घर धरायच्या आधीचे १२ आठवडे वाढवता येतील. रुग्णालयातून तात्पुरते पाठवलेल्या प्रत्येकाचे घरी परतण्याच्या दृष्टीने पुन्हा मूल्यमापन होईपर्यंत ‘कायम’ हा शिक्का मारू नये असा नियम करता येईल. आणि सर्वांत आधी, स्वातंत्र्यहरणाला मंजुरी देणारे लोक ज्यांच्या हाती होमची बिले आहेत त्या खात्यातून काढून एखाद्या स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावेत. मानसिक आरोग्य कायद्याखाली डांबलेल्या तरुणाला असे न्यायाधिकरण मिळते. नव्वदीच्या म्हाताऱ्याला प्रकरण थेट कोर्टात न्यावे लागते, तेही दुसऱ्या कोणीतरी त्याच्या वतीने उभे राहिले तर.